वरची माणसं

महारुद्राचा फोन आला तेव्हा मल्लिकार्जुनच्या समोर खुर्चीत एक म्हातारी बसली होती. तिच्या नाकावर नंबर तपासायची जड गोल चौकट होती, एक डोळा काळ्या चकतीनं झाकला होता आणि ती समोरच्या पाटीवरची अक्षरं मोठ्यानं वाचत होती. "म... त... आन् ह्यो र हाय का स?" त्यानं भिंग बदललं, आधीचं बरं का हे बरं, असं विचारलं आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला. "दाजी, अप्पा गेले," महारुद्र म्हणाला. "दुकानातच. करडईचं पोतं वजनाला लावायले होते, तसेच खाली बसले." महारुद्र हा त्याचा मेहुणा. अप्पा म्हणजे बसप्पा, सासरे, जळकोटला हायवेच्या कडेला त्यांचं बियाण्यांचं दुकान. मल्लिकार्जुन म्हणाला, "येतो." महारुद्र फोन ठेवत नव्हता. मागं कुणीतरी बाई एका सुरात रडत होती, एक ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला, आणि मग तो म्हणाला, "अन् दाजी, शिवाला सांगायचं का न्हाय ते तुमीच ठरवा. आमाला काय कळंना." फोन बंद झाला. म्हातारी तोंड वर करून वाट बघत होती. मल्लिकार्जुननं तिचा दुसरा डोळाही तपासला. नंबर लिहिला, चौकट कुठली हवी ते विचारलं, स्वस्तातली तपकिरी तिच्या कानामागं नीट बसवून बघितली, आठवड्यानं या म्हणाला. तिला जिन्यावरून उतरताना हातही दिला. हे सगळं आपण केलं, ते तिला कळू नये म्हणून केलं की आपल्याला कळू नये म्हणून, हे त्याला शटर ओढताना सुचलं आणि शटर अर्ध्यातच अडकलं.

शिवा म्हणजे शिवांजली, त्याची बायको. तिला सांगायचं म्हणजे कुठं सांगायचं? ती समुद्राच्या तळाशी होती. रामेश्वरमच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून बरंच आत, पाण्याखाली एक लोखंडी घर ठेवलं होतं आणि त्यात चार माणसं राहत होती. प्रवाळाचा अभ्यास करणारे दोघं, एक पाणबुड्या, आणि शिवांजली. घरातली हवा राखणं हे तिचं काम. किती प्राणवायू शिल्लक, उच्छ्वासाचा विषारी वायू किती साठला, तो शोषून घेणारा डबा कधी बदलायचा, हे सगळं तिच्याकडं. धाराशिवात लोक त्याला विचारत. चौकातला पानवाला तर रोज विचारायचा, "काय मालक, बायकोला समुद्रात बुडवून इथं चष्मे विकायलाव व्हय?" तो हसायचा. सुरुवातीला अभिमानानं हसायचा, मग नुसताच हसायचा. घरी गेल्यावर मात्र दिवाणखान्यात बसवत नसे, स्वयंपाकघरात उभ्यानं जेवायचा, गच्चीवर जायचा, खाली यायचा. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी तिचा आवाज यायचा, दाट हवेमुळं थोडा नाकातून आल्यासारखा. ती "अहो" म्हणायची. घरात ती त्याला एकेरीत हाक मारी. पण तिथलं प्रत्येक बोलणं वर, पाण्यावर तरंगणाऱ्या तराफ्यावरच्या नियंत्रण कक्षात ऐकलं जातं, आणि त्या परक्या कानांसमोर, त्यांना मराठी कळत नसलं तरी, तिनं त्याला अहो करून टाकलं होतं. त्या अहोनं तो रोज थोडा लांब जायचा.

मोटारसायकल काढून तो बार्शी नाक्यापर्यंत गेला आणि मग लक्षात आलं की तुळजापूरचा रस्ता उलट्या बाजूला आहे. तिथंच कडेला, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी थांबून त्यानं नियंत्रण कक्षात फोन लावला. मोहिमेच्या डॉक्टरबाईंनी उचलला. हिंदीत बोलायच्या, सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर थांबायच्या. त्यांनी बातमी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "तिला वर आणता येणार नाही, तुम्हाला माहीत आहे." माहीत होतं. खालच्या दाबाची हवा घेऊन घेऊन त्यांच्या रक्तामांसात वायू मुरलेला असतो. तसंच एकदम वर आणलं तर तो सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो आणि माणूस जातो. म्हणून परतायच्या वेळी घराचं दार आतून लावून दाब हळूहळू उतरवायचा. त्यात रात्र जाते, दुसरा दिवस जातो. आणि घर एक, दार एक, म्हणून एकाला उतरवायचं तर चौघांनाही उतरवावं लागतं. "पोचणार तर ती नाहीच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण सांगितलं तर थांबायचं की सगळ्यांना घेऊन वर यायचं, हे तिला ठरवावं लागेल. एवढ्या लोकांची एवढ्या वर्षांची मेहनत तिच्या एका शब्दावर. आज तर खालच्या पाणबुड्यालाही ताप आहे. हवेचं यंत्र त्याच्याशिवाय फक्त तिलाच चालवता येतं. मोहीम संपायला थोडेच दिवस उरलेत. मी तुम्हाला सांगू नका म्हणत नाही. विचार करा म्हणते." रसवाला यंत्रात ऊस घालत होता, घुंगरं वाजत होती. मल्लिकार्जुन म्हणाला, "करतो विचार." आणि गाडी वळवली.

विचार करायला रस्ता होता, पण विचार एका जागी थांबत नव्हता. तुळजापूर मागं पडलं, हायवे लागला. अंगावरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकच्या वाऱ्यासरशी हातातलं हँडल हलत होतं. निघायच्या आधी सोलापूर स्टेशनावर ती त्याला म्हणाली होती, "माझ्यापासून काही लपवायचं नाही हं. तिथं खालच्याला वरचा पाठवील तेवढंच मिळतं. हवा, जेवण, बातमी, सगळं. तुम्ही वरची माणसं निवडून निवडून पाठवायला लागलात तर मी खाली कशात राहतेय तेच मला कळणार नाही." त्यानं हो म्हटलं होतं. गाडी सुटायच्या वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. ती खाली उतरल्यावर घरच्यांना म्हणून एकदा तिकडं बोलावलं होतं, तेव्हा त्यानं ती वरची माणसं बघितली होती. तराफ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत पाळीपाळीनं पडद्यासमोर बसणारी. खालची माणसं झोपली तरी त्यांचा श्वास बघत राहणारी. जेवणाचे डबे दाबाच्या भांड्यात घालून खाली नेणारे पाणबुडे. वाऱ्याचा अंदाज घेणारा एक, बोट राखणारा एक, आणि रात्रंदिवस चहा करणारा एक आचारी, त्याला खालच्या चौघांना कुठली भाजी आवडते ते पाठ. डॉक्टरबाई तेव्हा घरच्यांकडं बघून हसत म्हणाल्या होत्या, "तुम्ही पण आमच्याच तुकडीत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मल्लिकार्जुनला तेव्हा वाटलं होतं, पडद्यावर बघणाऱ्याला निदान पडदा आहे. आपण काय बघायचं?

नळदुर्गच्या अलीकडं त्यानं पुन्हा गाडी थांबवली, विनाकारण. हेल्मेट काढलं, घातलं. अप्पांचा चेहरा आठवायला गेलं तर चेहरा येईना, हात येत होते. जाड बोटांचे, बियाण्याच्या गुलाबी औषधानं कायमचे रंगलेले. लग्नानंतर पहिल्यांदा मळ्यात नेलं तेव्हा त्या हातांनी विहीर दाखवली होती. "हितं शिकिवलं तिला पवायला," अप्पा म्हणाले होते. पाठीला रॉकेलचा रिकामा डबा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक अप्पांच्या हातात. मुलगी आत हातपाय मारतेय आणि काठावर बाप तिच्याबरोबर धापा टाकतोय. "तुम्ही उतरायचा नाही का आत?" मल्लिकार्जुननं विचारलं होतं. अप्पांनी इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "मला कुटं येतंय पवायला? तिला म्हाईत न्हाय. सांगू नका. तिला वाटायचं, बुडाले तर अप्पा उडी मारतेल." ते हसले होते, पण ते हसणं घाबरलेल्या माणसाचं होतं, इतक्या वर्षांनंतरही. मल्लिकार्जुननं ते शिवांजलीला कधी सांगितलं नाही. आता त्याला वाटलं, बापानं लपवलं म्हणून ती पोहायला शिकली. मग लपवणं वाईट कसं? मग लगेच वाटलं, हे आपण स्वतःच्या सोयीसाठी शोधून काढतोय. बापाच्या हातात निदान दोर होता.

जळकोटला पोचला तेव्हा दुकानाचं अर्धं शटर खाली होतं आणि रस्त्यापर्यंत चपला होत्या. अप्पांना दुकानामागच्या घरात, सोप्यात भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात रुद्राक्ष, नवा पांढरा फेटा. ते दुकानात गल्ल्यावर बसत तसेच बसले होते, फक्त मान एका पट्टीनं भिंतीला धरली होती. मल्लिकार्जुन पाया पडला. कपाळाला पाय लागले ते गार होते आणि त्या गारव्यानं त्याला बरं वाटलं, इतक्या वेळात पहिली खरी गोष्ट हाताला लागल्यासारखं. अंगणात बाप्ये विमान सजवत होते. लिंगायतांत बसलेल्या माणसाला न्यायची ती पालखी, तिला केळीचे खांब आणि झेंडू. विधी करणारे स्वामी शेतात गेले होते, खड्डा नीट चौकोनी होतोय का बघायला. "दिस मावळायच्या आत माती द्यायची," महारुद्र म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते आणि तो सतत काहीतरी उचलून दुसरीकडं ठेवत होता. "सांगितलंव का तिला?"

"नाही अजून."

"नगाच सांगू," उमाबाई म्हणाल्या. सासूबाई नवऱ्याच्या शेजारीच बसल्या होत्या, त्यांच्या फेट्याचा शेमला पुन्हा पुन्हा सारखा करत. रडून झालं होतं, आवाज बसला होता. "पोरगी पाण्याखाली हाय. तितं रडायली तर डोळं कोन पुसंल तिचं? वर आल्यावर कळंल की. माणूस काय पळून चाललंय?"

"आई, ती म्हणाली होती, सांगायचं."

"म्हनाली आसंल. तवा ह्ये जिते व्हते."

महारुद्र एकदम चिडला. "अव्वा, तिचा बी बाप हाय. उद्या ती मला इचारंल, माती दिलीस अन् मला कळवलं बी न्हायस?" उमाबाईंनी फेट्यावर बसलेली माशी उडवली, हळूच, झोपलेल्या माणसाच्या अंगावरची उडवावी तशी, आणि जावयाकडं बघितलं. "तुमी शिकल्याले हाव. तुमाला काय वाटतंय ते करा," त्या म्हणाल्या. तुम्ही करा म्हणणारे सकाळपासून तीन झाले. मल्लिकार्जुन दुकानाच्या मागं, गोठ्याकडं गेला. तिथं रिकाम्या पोत्यांचा ढीग होता. त्यावर बसला, उठला.

काय वाटतंय? त्यानं स्वतःला नीट विचारून बघितलं आणि जे दिसलं ते त्याला आवडलं नाही. सांगावं असं त्याला सकाळपासून वाटत होतं, पण त्यात वचन थोडं होतं, शिवांजली थोडी होती, आणि बाकी होती ती एक वखवख. तिलाही कळू दे. इथं नसणं म्हणजे काय, लांब असणं म्हणजे काय, एकट्यानं स्वयंपाकघरात उभं राहून जेवणं म्हणजे काय, ते एकदा तिच्याही अंगावर येऊ दे. हे इतकं उघड दिसलं की तो चालायला लागला, गोठ्याच्या भिंतीपर्यंत आणि परत. बरं, मग सांगू नये. तर तिथंही काहीतरी चिकट होतं. संध्याकाळी तिचा फोन येईल, ती माशांबद्दल बोलेल, गोल खिडकीबाहेर रोज येऊन बसणाऱ्या त्या हेकट खेकड्याबद्दल बोलेल, आणि तो ऐकेल, आणि तिला माहीत नसलेलं त्याला माहीत असेल. तेवढा वेळ तो तिच्या वर असेल. खरंच वर. दया करणारा. तिच्या बापाचा मृत्यू खिशात घालून तिला "जेवलीस का" विचारणारा. त्याला शिसारी आली. दोन्हीकडं तोच होता. ती कुठंच नव्हती. एक म्हैस मान वळवून त्याच्याकडं बघत रवंथ करत होती, पुढून कुणीतरी बिल्वपत्रं आणा म्हणून ओरडत होतं, आणि ऊन गोठ्याच्या पत्र्यावरून उतरायला लागलं होतं. तिचा ठरलेला फोन दिवस मावळल्यावर यायचा. तोपर्यंत सगळं होऊन गेलेलं असणार होतं. म्हणजे नुसतं थांबलं तरी निर्णय होत होता, त्याला बोटही न लावता. हे त्याला सहन झालं नाही. मन शुद्ध व्हायची वाट बघत बसलो तर अप्पांना माती पडेल, एवढं एक त्याला कळलं, आणि त्यानं डॉक्टरबाईंना फोन लावला.

"मला आत्ता तिच्याशी बोलायचंय."

"विचार केलात?"

"केला. काही उपयोग झाला नाही. पण बाप तिचा आहे. थांबायचं का यायचं तेही तिचं आहे. आपण दोघं बसून ते वाटून घेऊ शकत नाही."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "जोडते. आम्ही ऐकत असू." आणि थोडं थांबून, "माफ करा, ऐकावंच लागतं."

"अहो, आत्ता कसा काय?" शिवांजलीचा आवाज आला. मागं पंख्याची ती कायमची घुमणी. "लाइट गेली का तिकडची? संध्याकाळी जमणार नाही का?"

त्यानं जुळवून ठेवलेलं वाक्य नाहीसं झालं. "शिवा, अप्पा गेले," तो म्हणाला. "सकाळी. दुकानात."

पंखा घुमत राहिला. मग तिच्याच आवाजात, पण त्याच्याशी नव्हे, खालच्या कुणाशीतरी, ती इंग्रजीत म्हणाली की डबा बदलायची वेळ झालीय, तो मी बदलते, कुणी हात लावू नका. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. कसलंतरी झाकण फिरत होतं. मल्लिकार्जुन फोन कानावर दाबून उभा होता. तो पोत्यांवर कोसळल्यासारखा बसला. सकाळपासूनचं सगळं एकदम आलं. म्हातारीचा चष्मा, अडकलेलं शटर, गार पाय. तो रडायला लागला, तोंडावर हात दाबून, कारण पत्र्याच्या खोलीत बसलेली ती सगळी माणसं ऐकत होती. झाकण फिरायचं थांबलं.

"मल्लू," ती म्हणाली. "बसलायस का?"

"हं."

"पाठ टेकव कशाला तरी. टेकवलीस? आता श्वास सोड. पूर्ण. घ्यायची घाई करू नकोस, तो आपोआप येतो." तिची वाक्यं सरळ होती. "सकाळपासून माहीत आहे तुला?"

"हो."

"सकाळपासून एकटाच घेऊन हिंडतोयस?"

त्याला हे अपेक्षित नव्हतं. तिनं रागवावं, उशीर का केलास म्हणावं, यासाठी तो तयार होता. "आई सांगू नको म्हणत होत्या," तो म्हणाला. "मलाही... मला कळत नव्हतं, मी कशासाठी सांगतोय."

"ते मी वर आल्यावर बघू." आणि मग ती रडली. एकच हुंदका, पाण्यात काहीतरी पडावं तसा. मधेच डॉक्टरबाईंचा आवाज आला. त्यांनी तिला तिचं नाव घेऊन सांगितलं, तू म्हणशील तर आत्ता दार लावून दाब उतरवायला सुरुवात करू, इथं कुणी काही म्हणणार नाही. ती म्हणाली, "नको. पोचणार नाहीच मी. इथं एक आजारी आहे. मी थांबते." मग मराठीत, "मल्लू, पण मला ऐकायचंय. फोन चालू ठेव. शेतापर्यंत."

तो पुढं आला तेव्हा विमान उचलायची तयारी झाली होती. त्यानं शर्टाच्या वरच्या खिशात फोन ठेवला, उमाबाईंजवळ वाकून म्हणाला, "आई, शिवा ऐकतेय." त्या त्याच्या खिशाकडं बघत राहिल्या. राग होता का ते कळेना. मग ढोल सुरू झाले आणि सगळेच चालायला लागले. हायवेवरच्या गाड्या थांबल्या, एका बसमधून लोकांनी खिडकीतूनच हात जोडले, आणि केळीच्या खांबांमध्ये बसून अप्पा आपल्या दुकानावरून शेताकडं गेले. खड्ड्यात बसवताना महारुद्र आत उतरला होता. त्यानं बापाची मांडी नीट केली, हातात इष्टलिंग दिलं. स्वामी मंत्र म्हणायला लागले. विभूतीचे गोळे, बिल्वपत्रं, मग मीठ, मग माती. मल्लिकार्जुननं आपली मूठ टाकली, आणि पुन्हा वाकून दुसरी भरून घेतली. कुणीतरी भुवया उंचावून बघितलं. "ही शिवांजलीची," तो मोठ्यानं म्हणाला, आणि टाकली. पंखा तेवढा त्याच्या छातीवर घुमत होता, आणि त्या पलीकडं, आचाऱ्यापासून डॉक्टरबाईंपर्यंत, एका परक्या भाषेतला मंत्र आणि फावड्यांचा आवाज ऐकत बसलेली ती माणसं असणार, कुणीही खोकतसुद्धा नसलेली.

माणसं हात धुवायला विहिरीकडं पांगली. तो बांधावरच बसला. फोन काढून हातात धरला. "झालं," तो म्हणाला.

"हं." मग, "आता ठेव तू. तिकडं लोक असतील."

"तू ठेव."

तिनं ठेवला नाही. बंद करायचं काम वरच्यांचं, आणि वरच्यांनीही केलं नाही. त्याला बरं वाटत नव्हतं. आत ती वळवळ तशीच होती. दोन्हीकडं दिसलेला त्याच्यातला तो माणूस अजून तिथंच बसला होता, आणि शिवांजली वर आल्यावर त्याच्याबद्दल बोलणं निघणारच होतं. तेवढ्यात मातीच्या ढिगाला वळसा घालून उमाबाई आल्या. बरोबरच्या बायकांना त्यांनी हातानंच पुढं व्हा म्हणून सांगितलं. त्या त्याच्यापासून थोड्या अंतरावर, पदर आवरत, खाली बसल्या.

"हाय का अजून ती?"

"आहे."

त्यांनी हात पुढं केला. त्यानं फोन दिला. त्यांनी तो कानाला लावला नाही, तोंडाजवळही नेला नाही. मांडीवर ठेवला, दोन्ही तळहातांत धरून, आणि वाकून ती घुमणी ऐकत राहिल्या.

"हिचा श्वास हाय का ह्यो?"

"पंखा आहे आई. हवेचा."

"आसू दे," उमाबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे चालू."